विश्लेषण : मुंबईचे अकरा भारी की बंगळूरुचे सोळा? महिला प्रीमियर लीगच्या सलामीआधी दोन संघांचा लेखाजोखा

महिला प्रीमियर लीगचा (डब्ल्यूपीएल) चौथा हंगाम शुक्रवारी, ९ जानेवारी २०२६ रोजी नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर सुरू होत आहे. सलामीलाच गतविजेती मुंबई इंडियन्स आणि २०२४ ची विजेती रॉयल चॅलेंजर्स बंगळूरु समोरासमोर येतील. एका बाजूला भारताची कर्णधार हरमनप्रीत कौर, दुसऱ्या बाजूला उपकर्णधार आणि सांगलीची स्मृती मानधना. नोव्हेंबरमधील मोठ्या लिलावानंतर दोन्ही संघ नव्याने बांधले गेले आहेत. दोघांकडे रक्कम सारखीच होती, खर्च करण्याची रीत मात्र अगदी वेगळी. ही रीत कोणाला तारणार आणि कोणाला महागात पडणार, याचा हा आढावा.

या लढतीला एवढे महत्त्व का?

लीगचे आतापर्यंत तीन हंगाम झाले. त्यातील दोन विजेतेपदे (२०२३ आणि २०२५) मुंबईकडे, तर एक (२०२४) बंगळूरुकडे आहे. तिन्ही अंतिम सामन्यांत हरणारा संघ दिल्ली कॅपिटल्सच होता. म्हणजे करंडक उचलण्याचा अनुभव असलेले संघ दोनच आणि तेच पहिल्या दिवशी भिडत आहेत.

दोघांमधील आकडेवारीही अटीतटीची आहे. आतापर्यंतच्या सात लढतींपैकी चार मुंबईने, तर तीन बंगळूरुने जिंकल्या. २०२३ मध्ये मुंबईने दोन्ही सामने सहज जिंकले होते. २०२४ मध्ये चित्र पालटले. त्या वर्षी बाद फेरीच्या ‘एलिमिनेटर’ सामन्यात बंगळूरुने मुंबईला अवघ्या पाच धावांनी हरवले आणि पुढे विजेतेपदही पटकावले. २०२५ मध्ये बंगळूरुतील सामना मुंबईने, तर मुंबईतील ब्रेबॉर्न स्टेडियमवरचा सामना बंगळूरुने जिंकला. घरचे मैदान म्हणजे हमखास विजय, असे या दोघांत घडलेले नाही.

यंदा त्यात आणखी एक पदर आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी याच नेरूळच्या मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या रात्री एकत्र नाचलेल्या खेळाडू आता दोन छावण्यांत विभागल्या गेल्या आहेत. अंतिम सामना खेळलेल्या हरमनप्रीत आणि अमनजोत कौर मुंबईकडे आहेत. स्मृती, रिचा घोष आणि राधा यादव बंगळूरुकडे. त्या अंतिम सामन्यात आफ्रिकेकडून खेळलेली नॅडिन डी क्लर्कही आता बंगळूरुच्याच संघात आहे.

दोघांनी पैसा कसा खर्च केला?

प्रत्येक संघाला १५ कोटी रुपयांची मर्यादा होती. लिलावाआधी जास्तीत जास्त पाच खेळाडू राखून ठेवता येत होत्या. मात्र पाचही राखल्या तर ‘राइट टू मॅच’ म्हणजे आपल्याच जुन्या खेळाडूला लिलावातील अंतिम बोलीइतकी रक्कम देऊन परत घेण्याचा हक्क मिळणार नव्हता.

मुंबईने पाचही जागा वापरल्या. नॅट सिव्हर-ब्रंट (३.५० कोटी), हरमनप्रीत (२.५० कोटी), हेली मॅथ्यूज (१.७५ कोटी), अमनजोत (१ कोटी) आणि जी. कमलिनी (५० लाख) यांच्यावर ९.२५ कोटी खर्ची पडले. उरले ५.७५ कोटी. त्यातील तब्बल ३ कोटी एकट्या अमेलिया करवर गेले. न्यूझीलंडची ही लेगस्पिनर अष्टपैलू आधीपासून मुंबईकडेच होती. २०२३ च्या पहिल्या लिलावात तिच्यासाठी १ कोटी मोजले होते. यंदा ‘राइट टू मॅच’ हाती नसल्याने खुल्या बोलीत तिप्पट रक्कम द्यावी लागली. उरलेल्या २.७५ कोटींत मुंबईने आणखी दहा खेळाडू घेतल्या.

बंगळूरुने चौघींनाच राखले. स्मृती (३.५० कोटी), रिचा (२.७५ कोटी), एलिस पेरी (२ कोटी) आणि श्रेयांका पाटील (६० लाख). एकूण ८.८५ कोटी. उरलेल्या ६.१५ कोटींत त्यांनी १२ जणी घेतल्या, पण एकीवरही कोटीचा आकडा गाठला नाही. सर्वांत महाग ठरली इंग्लंडची वेगवान गोलंदाज लॉरेन बेल, ९० लाखांना.

सोळा जणींच्या दोन्ही संघांची किमतीनुसार विभागणी केली, की फरक लगेच डोळ्यांत भरतो.

• एक कोटीहून अधिक : मुंबई ४, बंगळूरु ३
• ५० लाख ते १ कोटी : मुंबई ४, बंगळूरु ८
• ३० लाख किंवा त्याहून कमी : मुंबई ८, बंगळूरु ५

मुंबईच्या सर्वांत महागड्या चौघींनी मिळून १५ पैकी १०.७५ कोटी, म्हणजे जवळपास ७२ टक्के रक्कम घेतली. बंगळूरुच्या बाबतीत हाच आकडा ९.१५ कोटी, म्हणजे ६१ टक्के आहे. मुंबईने शिखरावर पैसा ओतला, बंगळूरुने मधल्या मजल्यांवर.

मुंबईची ताकद कशात आहे?

याचे उत्तर तीन परदेशी अष्टपैलू खेळाडूंत आहे. गेल्या हंगामात सिव्हर-ब्रंटने ५२३ धावा काढल्या आणि १२ बळी घेतले. लीगच्या एका हंगामात पाचशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली खेळाडू. मॅथ्यूजने ३०७ धावांबरोबर १८ बळी मिळवले. अमेलिया करनेही १८ बळी घेतले. या तिघींचे मिळून ४८ बळी झाले. मुंबईने त्या हंगामात दहा सामने खेळले, म्हणजे दर सामन्याला सरासरी जवळपास पाच गडी या तिघीच बाद करत होत्या.

अशा अष्टपैलू खेळाडूंचा फायदा दुहेरी असतो. तिघी मिळून बारा षटके टाकू शकतात आणि तिघीही वरच्या फळीत फलंदाजी करू शकतात. म्हणजे एका जागेत दोन खेळाडू बसतात. चौथी परदेशी जागा बहुधा दक्षिण आफ्रिकेच्या शबनिम इस्माइलकडे जाईल. ६० लाखांना परत आलेली इस्माइल आता ३७ वर्षांची आहे आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून २०२३ मध्येच निवृत्त झाली आहे. पण नव्या चेंडूवर तिचा दरारा अजून आहे. २०२४ च्या डब्ल्यूपीएलमध्ये तिने ताशी १३२ किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू टाकला होता.

त्यांना हरमनप्रीतच्या अनुभवाची जोड आहे. २०२५ च्या अंतिम सामन्यात मुंबईने १४९ धावा केल्या, त्यातील ६६ तिच्या होत्या. सामना आठ धावांनी सुटला. दबावाच्या दिवशी तिची बॅट बोलते, हे विश्वचषकाच्या उपांत्य फेरीतही दिसले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांना हरमनप्रीतच्या ८९ धावांची साथ होती. तो सामनाही नेरूळलाच झाला होता.

मग मुंबईची दुखरी बाजू कोणती?

पहिल्या सहा-सात खेळाडूंनंतर अनुभवाची फळी पातळ होते. अमनजोत आणि केरळची सजना सजीवन (७५ लाख) या दोघी सोडल्या, तर उरलेल्या भारतीय खेळाडूंपैकी बहुतेक १० ते ३० लाखांच्या आहेत. फिरकीपटू सायका इशाक (३० लाख) २०२३ मध्ये १५ बळी घेऊन गाजली होती, पण नंतर तिला तो सूर कायम राखता आलेला नाही. मध्य प्रदेशची संस्कृती गुप्ता (२० लाख), पूनम खेमनार (१० लाख), त्रिवेणी वसिष्ठ (२० लाख) आणि नल्ला क्रांती रेड्डी (१० लाख) यांच्याकडून अपेक्षा आहेत, मात्र मोठ्या सामन्यांचा अनुभव थोडा आहे.

यष्टिरक्षणातही बदल झाला आहे. तीन हंगाम मुंबईसोबत असलेली यास्तिका भाटिया आता गुजरात जायंट्सकडे गेली. तिच्या जागी तमिळनाडूची १७ वर्षांची कमलिनी आणि मध्य प्रदेशची राहिला फिरदौस असे दोन पर्याय आहेत. कमलिनीने डिसेंबरअखेर भारताकडून पदार्पण केले. डावखुऱ्या सलामीवीराची गरजही ती भागवते. पण १७ व्या वर्षी सलामी आणि यष्टिरक्षण ही दोन्ही कामे महिनाभर सांभाळणे सोपे नाही.

प्रशिक्षकही बदलल्या आहेत. मुंबईला दोन विजेतेपदे मिळवून देणारी शार्लट एडवर्ड्स इंग्लंडच्या संघाकडे गेली. तिच्या जागी लिसा केटली आल्या आहेत.

बंगळूरुने संघ कसा बांधला?

बंगळूरुचा २०२५ चा हंगाम निराशाजनक होता. गतविजेते म्हणून उतरलेल्या या संघाला आठपैकी तीनच सामने जिंकता आले. त्यामुळे त्यांनी संघाचा मोठा भाग बदलला. वेगवान गोलंदाज रेणुका सिंग आणि लेगस्पिनर जॉर्जिया वेअरहॅम गुजरातकडे, स्नेह राणा दिल्लीकडे आणि आशा शोभना यूपी वॉरियर्सकडे गेल्या.

नव्या खेळाडू निवडताना दोन गोष्टी पाहिल्याचे जाणवते. पहिली, प्रत्येक कामासाठी दोन पर्याय. वेगवान माऱ्यासाठी बेल, अरुंधती रेड्डी (७५ लाख) आणि पूजा वस्त्रकार (८५ लाख). फिरकीसाठी श्रेयांका, राधा यादव (६५ लाख), इंग्लंडची डावखुरी लिन्सी स्मिथ (३० लाख) आणि ‘राइट टू मॅच’ वापरून परत घेतलेली उत्तराखंडची लेगस्पिनर प्रेमा रावत (२० लाख). फटकेबाजीसाठी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेस हॅरिस (७५ लाख) आणि जॉर्जिया व्हॉल (६० लाख). व्हॉलने गेल्या हंगामात यूपीकडून खेळताना बंगळूरुविरुद्धच नाबाद ९९ धावा कुटल्या होत्या. ज्या बॅटने मार दिला, तीच बॅट त्यांनी विकत घेतली.

दुसरी गोष्ट म्हणजे मुंबईने सोडलेल्या खेळाडूंवर ठेवलेला डोळा. पूजा वस्त्रकार पहिल्या हंगामापासून मुंबईकडे होती आणि नॅडिन डी क्लर्क (६५ लाख) गेल्या हंगामात. दोघीही आता लाल जर्सीत दिसतील. डी क्लर्कने विश्वचषकात विशाखापट्टणमला भारताविरुद्ध ५४ चेंडूंत नाबाद ८४ धावा करून हातातला सामना हिसकावून घेतला होता. सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन सामना फिरवणारी अशी खेळाडू ६५ लाखांत मिळणे, हा या लिलावातला चांगला सौदा म्हणावा लागेल.

धोका आहे तो तंदुरुस्तीचा. पूजा दीर्घ काळ दुखापतीमुळे बाहेर होती. २०२४ मध्ये १३ बळींसह स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणाऱ्या श्रेयांकाला २०२५ चा संपूर्ण हंगाम मुकावे लागले. दोघी भारतीय आहेत, दोघी संघाच्या आराखड्यात मध्यवर्ती आहेत. दोघींची शरीरे महिनाभर साथ देतील का, यावर या संघाचा समतोल टिकून आहे. इथेही प्रशिक्षक नवे आहेत. मुख्य प्रशिक्षकपद मलोलन रंगराजन यांच्याकडे आले आहे.

पेरी नसल्याने काय बदलते?

हंगामाच्या तोंडावर बंगळूरुला मोठा धक्का बसला. एलिस पेरीने वैयक्तिक कारणास्तव माघार घेतली. तिच्या जागी मुंबईची अष्टपैलू सायली सातघरे ३० लाखांना संघात आली.

मुंबईविरुद्ध याचा अर्थ किती मोठा आहे, हे जुन्या सामन्यांतून कळते. बंगळूरुने मुंबईला तीनदा हरवले आणि तिन्ही विजयांत पेरीचा हात होता. मार्च २०२४ मध्ये दिल्लीत तिने १५ धावांत सहा गडी बाद केले आणि मग फलंदाजीत नाबाद राहून सामना संपवला. तीन दिवसांनी एलिमिनेटरमध्ये तिने ६६ धावा केल्या. मार्च २०२५ मध्ये ब्रेबॉर्नवर ती नाबाद ४९ धावांवर परतली. गेल्या वर्षी बंगळूरुतला सामना मुंबईने जिंकला, त्यातही पेरीने ८१ धावा काढल्या होत्या. मुंबईच्या गोलंदाजांना तिच्यावर ठोस तोडगा कधीच सापडला नाही. आता तो शोधण्याची गरज उरलेली नाही.

पण या बदलाची दुसरी बाजूही आहे. पेरी परदेशी खेळाडू होती, तिच्या जागी आलेली सायली भारतीय आहे. पेरी असती तर अंतिम अकरात तिची जागा पक्की होती आणि हॅरिस, व्हॉल, बेल, डी क्लर्क, स्मिथ या पाच जणींना तीन जागांसाठी झगडावे लागले असते. आता पाच जणींसाठी चार जागा मोकळ्या आहेत. दर्जा घटला, पर्याय मात्र वाढले. यातून नफा किती काढायचा, हे स्मृतीच्या निवडीवर अवलंबून राहील. दोन फटकेबाज घ्यायचे की एक फटकेबाज आणि एक डावखुरी फिरकीपटू, हा तिच्यापुढचा पहिलाच पेच असेल.

सात भारतीयांचा नियम निर्णायक का?

अंतिम अकरात चार परदेशी खेळाडूंना खेळवता येते. सहसदस्य देशाची खेळाडू असेल तर पाचवी जागा मिळते, पण या दोन्ही संघांत तशी कोणी नाही. म्हणजे सात जागा भारतीयांच्याच. परदेशी तारका कितीही चमकल्या, तरी मैदानावर दोन तृतीयांश संघ भारतीय असतो.

या सात जागांवर दोन्ही संघांची तुलना केली, की पारडे हलते. बंगळूरुकडे स्मृती, रिचा, श्रेयांका, राधा, अरुंधती आणि पूजा अशा सहा जणी भारताकडून भरपूर खेळलेल्या आहेत. शिवाय दयालन हेमलतासारखी भारताकडून खेळलेली फलंदाज राखीव म्हणून उपलब्ध आहे. मुंबईकडे हरमनप्रीत आणि अमनजोत या दोघी विश्वविजेत्या आहेत, सजना आणि सायका भारताकडून थोड्याच खेळल्या आहेत आणि कमलिनीची सुरुवात नुकतीच झाली आहे. उरलेल्या दोन जागा नवख्या मुलींकडेच जाणार.

थोडक्यात, परदेशी चौघींची तुलना केली तर मुंबई स्पष्टपणे पुढे. भारतीय सातजणींची केली तर बंगळूरु पुढे. टी-२० मध्ये एक-दोन तारका सामना जिंकून देतात हे खरे, पण आठ साखळी सामन्यांच्या स्पर्धेत आठव्या-नवव्या क्रमांकाच्या खेळाडूने टाकलेली दोन महागडी षटकेही एखादा सामना घालवू शकतात.

वेळापत्रक कोणाच्या पथ्यावर पडेल?

यंदा २२ पैकी पहिले ११ सामने नवी मुंबईत आणि उरलेले वडोदऱ्यात आहेत. अंतिम सामना ५ फेब्रुवारीला वडोदऱ्यालाच होईल. मुंबईचे आठपैकी पाच साखळी सामने नेरूळला आहेत. घरच्या प्रेक्षकांसमोर पाच सामने हा लाभ दिसतो. पण तारखा नीट पाहिल्या की त्यातली मेख कळते.

मुंबई ९ तारखेला बंगळूरुशी आणि लगेच दुसऱ्या दिवशी, १० तारखेला दिल्लीशी खेळेल. त्यानंतर १३, १५ आणि १७ जानेवारीला सामने आहेत. नऊ दिवसांत पाच सामने. ज्या संघाचा सारा डोलारा तीन-चार अष्टपैलू खेळाडूंवर उभा आहे, त्याला ही धावपळ सर्वाधिक जाणवेल. सिव्हर-ब्रंट, मॅथ्यूज आणि कर यांना प्रत्येक सामन्यात चार षटकेही टाकायची आहेत आणि धावाही करायच्या आहेत. इस्माइलला लागोपाठ दोन संध्याकाळी गोलंदाजी देणे जोखमीचे ठरेल. यांच्यापैकी एखादीला विश्रांती द्यावी लागली, की जागा घ्यायला ऑस्ट्रेलियाची निकोला केरी (३० लाख) आणि नवखी मिली इलिंगवर्थ (१० लाख) एवढेच परदेशी पर्याय आहेत.

बंगळूरुचे याच काळात चार सामने आहेत : ९, १२, १६ आणि १७ जानेवारी. पहिल्या सामन्यानंतर दोन दिवसांची आणि दुसऱ्यानंतर तीन दिवसांची उसंत मिळते. खोली असलेल्या संघाला सोपे वेळापत्रक आणि पातळ संघाला कठीण वेळापत्रक, असा हा योग जुळला आहे. दोघांची दुसरी लढत २६ जानेवारीला वडोदऱ्यात होईल. तोवर कोणत्या संघाची दमछाक झाली आहे, हे स्पष्ट दिसेल.

मैदान आणि नाणेफेकीची भूमिका काय असेल?

डी. वाय. पाटील स्टेडियमची खेळपट्टी सहसा फलंदाजांना साथ देते. डिसेंबर २०२२ मध्ये इथेच भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला संघांनी प्रत्येकी १८७ धावा केल्या आणि सामना सुपर ओव्हरमध्ये गेला. स्मृतीने त्या दिवशी ७९ धावा केल्या होत्या. विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध १०९ धावाही तिने इथेच काढल्या. हरमनप्रीतलाही हे मैदान लाभते. लीगचा पहिलावहिला सामना ४ मार्च २०२३ रोजी इथेच झाला. त्यात तिने ३० चेंडूंत ६५ धावा केल्या आणि मुंबईने गुजरातला १४३ धावांनी हरवले.

जानेवारीच्या रात्री खाडीकाठच्या या भागात दव पडते. चेंडू ओला झाला की फिरकीपटूंची पकड सैल होते. त्यामुळे नाणेफेक जिंकणारा संघ पाठलाग पसंत करण्याची शक्यता अधिक. असे झाले तर अमेलिया कर आणि श्रेयांका या दोन्ही संघांच्या हुकमी फिरकीपटूंना दुसऱ्या डावात कष्ट पडतील आणि बेल, इस्माइल, अरुंधती यांच्या शेवटच्या षटकांना महत्त्व येईल.

तळोजा-खारघरच्या प्रेक्षकांसाठी यात काय आहे?

तळोज्याहून स्टेडियम गाठणे आता पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून पेंधर किंवा पेठाली-तळोजा स्थानकातून थेट बेलापूर आणि तिथून हार्बर लोकलने नेरूळ असा प्रवास करता येतो. रात्रीचा सामना संपायला अकराच्या आसपास होतात, तेव्हा परतीच्या मेट्रोची वेळ आधीच पाहून ठेवलेली बरी. याच आठवड्यात, १५ जानेवारीला पनवेल आणि नवी मुंबई महापालिकांसाठी मतदानही आहे.

पण या भागाचा संबंध तिकिटापुरता नाही. दोन्ही संघांतील १० आणि २० लाखांच्या ज्या खेळाडूंची नावे आज फारशी कोणाला ठाऊक नाहीत, त्याच या स्पर्धेचा खालचा दरवाजा आहेत. भारताकडून न खेळलेल्या मुलीची लिलावातील पायाभूत किंमत १० लाखांपासून सुरू होते. मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात सराव करणाऱ्या मुलीसाठी पहिली पायरी तीच.

तळोजा पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात मोडते. रायगड जिल्हा क्रिकेट संघटना महाराष्ट्र क्रिकेट संघटनेशी संलग्न आहे. स्मृती देशांतर्गत क्रिकेट खेळते ती याच महाराष्ट्राकडून. २०२५ मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ‘रायगड रॉयल्स’ नावाचा संघही होता. जिल्हा, राज्य, राज्यातील लीग आणि मग डब्ल्यूपीएल अशी शिडी आता तयार होते आहे.

पैशाचे गणितही बदलले. विश्वचषकानंतर डिसेंबरमध्ये बीसीसीआयने देशांतर्गत महिला क्रिकेटचे मानधन वाढवले. वरिष्ठ गटात अंतिम अकरातील खेळाडूला एका दिवसाचे २० हजार रुपये मिळत होते, ते आता ५० हजार झाले. मुलीला क्रिकेट खेळू द्यावे की नाही, या घरातल्या चर्चेत हा आकडा वजन टाकतो. म्हणूनच मुंबईची १० लाखांची एखादी गोलंदाज शुक्रवारी चालली, तर त्याचा अर्थ दोन गुणांपुरता राहणार नाही. पुढच्या लिलावात संघ अशा मुलींवर किती विश्वास टाकतात, हे त्यातून ठरेल.

मग पारडे कोणाचे जड?

सलामीच्या सामन्यापुरते बोलायचे तर मुंबईचे. पहिल्या दिवशी सगळ्या ताज्यातवान्या असतात, पूर्ण ताकदीचे अकरा उतरवता येतात आणि समोर पेरी नाही. मुंबईचे सर्वोत्तम अकरा बंगळूरुच्या सर्वोत्तम अकरापेक्षा सरस आहेत, विशेषतः पहिल्या पाच क्रमांकांवर.

स्पर्धा जसजशी पुढे सरकेल, तसतशी बंगळूरुची बाजू भक्कम होत जाईल. एखादी खेळाडू जखमी झाली, तर तिच्या जागी तोलामोलाची दुसरी उभी करण्याची सोय त्यांनी करून ठेवली आहे. पेरीची माघार ही त्या सोयीची पहिलीच परीक्षा. मुंबईकडे तशी सोय कमी आहे. सिव्हर-ब्रंट, मॅथ्यूज किंवा कर यांच्यापैकी एकीला जरी दोन-तीन सामने बाहेर बसावे लागले, तरी संघाचा एक फलंदाज आणि एक गोलंदाज एकदमच कमी होतो.

त्यामुळे शुक्रवारी धावफलक पाहताना सिव्हर-ब्रंट आणि स्मृती यांच्या नावांवर नजर जाईलच. त्यासोबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. मुंबईच्या नवख्या भारतीय गोलंदाजांना हरमनप्रीत किती षटके देते आणि पेरीच्या रिकाम्या जागी स्मृती कोणाला पाठवते. मुंबईची पैज थोड्या हातांवर आहे, बंगळूरुची अनेक हातांवर. १७ जानेवारीला नवी मुंबईचा टप्पा संपेल, तेव्हा यातला कोणता हिशोब बरोबर होता हे बरेचसे कळलेले असेल.